सुगंधी तेलांचे घरगुती उपयोग आणि थेंबाचा हिशेब

आपल्या व्यापारी समाजात 'गांधी' हे आडनाव सर्वपरिचित आहे. गंधाचा व्यापार करणारा तो गांधी, अशी त्याची सरळ व्युत्पत्ती होय. सुरतेच्या बाजारात काष्ठौषधी, मसाले व सुवासिक पदार्थ यांना मिळून 'गांधियाणे' म्हणण्याचा प्रघात जुना आहे. सतराव्या शतकात याच शहरात विरजी व्होरा नावाचे जैन व्यापारी होऊन गेले. मिरी आणि लवंग यांच्या त्यांच्या घाऊक व्यवहाराचे उल्लेख इंग्रज वखारीच्या दप्तरात आढळतात. तेव्हा धान्य, मसाला आणि गंध हे तिन्ही माल आपल्या बंधूंच्या हाताखालून शतकानुशतके जात आलेले आहेत, असे म्हणण्यास हरकत नाही.

आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी आहोत, वैद्य नव्हे. तथापि अलीकडे घरोघरी निलगिरी, लवंग, पुदिना, गवती चहा, लव्हेंडर इत्यादी तेलांच्या लहान लहान बाटल्या दिसू लागल्या आहेत. त्यांच्या गुणांविषयी जितके बोलले जाते, तितके त्यांच्या मापाविषयी बोलले जात नाही. माप हा तर आपला रोजचा विषय. म्हणून त्या बाजूने या तेलांचा विचार सभासदबंधूंपुढे व विशेषतः घरातील भगिनींपुढे मांडावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

सुगंधी तेल म्हणजे काय?

'तेल' या एकाच शब्दाने आपण दोन अगदी भिन्न वस्तू ओळखतो. तीळ, शेंगदाणा, एरंडी ही बिया घाण्यात घालून, दाबून काढलेली तेले होत. ती स्थिर असतात. वर्षाच्या साठवणीच्या तुरीला व तांदळाला आपल्याकडे एरंडेल चोळून ठेवतात आणि ते महिनोन् महिने दाण्यावर टिकून राहते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. याच्या उलट सुगंधी तेल हे उडून जाणारे असते. कोऱ्या कागदावर एरंडेलाचा एक थेंब व निलगिरीचा एक थेंब टाकून पाहावा. काही तासांनी निलगिरीचा डाग नाहीसा होतो, एरंडेलाचा डाग तसाच राहतो. हा साधा प्रयोग मुलांना अवश्य दाखवावा.

ही तेले बहुधा वाफेने काढतात. देगेत पाला, फुले वा बिया घालून खालून आच देतात. वाफेबरोबर वनस्पतीतील सुगंधी अंश वर चढतो, नळीतून थंड पाण्यात बुडविलेल्या भांड्यात उतरतो आणि तेथे निवून पाण्यावर तरंगतो. लवंगेचे तेल मात्र पाण्याहून जड असल्यामुळे तळाशी बसते. ही तेले वनस्पतिजन्य आहेत, हेही आपल्या लोकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कस्तुरी, अंबर व जवाद हे जुने सुगंधी पदार्थ प्राण्यांपासून मिळत. त्यांचा वापर ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी अत्तर घेताना चौकशी करून घ्यावी.

तापीच्या खोऱ्यातील रोशा तेल

सुगंधी तेलाचा व्यापार आपल्या प्रदेशास नवीन नाही. सुरतेच्या समुद्रास मिळणारी तापी ज्या खानदेशातून वाहत येते, त्या खानदेशाच्या डोंगराळ भागात रोशा नावाचे सुवासिक गवत उगवते. नंदुरबार आणि सुरत ही गावे तापी व्हॅली रेल्वेने एकमेकांस जोडलेली असल्यामुळे तिकडील पुष्कळ कुटुंबे येथे येऊन स्थायिक झाली. आमचे कुटुंबही त्यांपैकीच एक. म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यांना खोबरेल वा तिळेल यात रोशाचे थोडे तेल मिसळून चोळण्याची रीत या कुटुंबांना परिचित आहे.

या गवताचे दोन प्रकार आहेत: मोतिया आणि सोफिया. मोतियाचे तेल उंची समजले जाते. त्यात जिरॅनिऑल नावाचे द्रव्य पुष्कळ प्रमाणात असल्यामुळे त्याचा वास गुलाबाशी जुळतो. एकोणिसाव्या शतकात खानदेशात हे तेल जंगलातील भट्ट्यांवर काढले जाई आणि मुंबईहून तांबड्या समुद्राच्या बंदरांना व तुर्कस्तानकडे रवाना होई. तेथून ते युरोपात 'तुर्की जिरॅनियम तेल' या नावाने ओळखले जाई. जिरॅनियमशी व तुर्कस्तानशी या गवताचा काही संबंध नव्हता. त्याहून विशेष म्हणजे त्या काळी उस्मानी साम्राज्यात असलेल्या व आज बल्गेरियात मोडणाऱ्या गुलाबाच्या मुलखात हे तेल अस्सल गुलाबतेलात भेसळ म्हणून मिसळले जात असे. एक किलो गुलाबतेलास सुमारे ३ ते ५ टन फुले लागतात. तेव्हा मोह किती मोठा होता याचा अंदाज व्यापाऱ्यास सांगावयास नको.

रोशा तेल स्वतः हलके नव्हते. अंगदुखीवर चोळण्यास, साबणास, अत्तरास ते आपल्या नावाने उत्तम होते. दुसऱ्याच्या नावाने विकले गेले तेव्हाच ते खोटे ठरले. आपल्या शास्त्रात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'हीनाधिक मानोन्मान' म्हणजे खोटी मापे, आणि 'प्रतिरूपक व्यवहार' म्हणजे अस्सलाच्या नावाखाली नक्कल देणे, हे दोन्ही शेजारी शेजारी सांगितले आहेत. सुगंधी तेलांच्या बाबतीत हे दोन्ही दोष केवळ खिशाला लागत नाहीत, ते जिवालाही लागतात. ते कसे, हे पुढील हिशेबावरून कळून येईल.

थेंबाचा हिशेब

ओव्यात सुगंधी तेलाचे प्रमाण साधारणतः शेकडा २ ते ४ असते. ते ३ धरू. एक थेंब तेलाचे वजन सुमारे ४५ मिलिग्रॅम भरते. म्हणजे ओव्याच्या तेलाच्या एका थेंबात सुमारे दीड ग्रॅम ओव्याचा सुगंधी अंश उतरलेला असतो. दीड ग्रॅम ओवा म्हणजे जेवणानंतर तोंडात टाकण्याची भली चिमूट. आता चहाचा एक चमचा तेल घेतले तर त्यात सुमारे १०० थेंब येतात, अर्थात दीडशे ग्रॅम ओवा! दीडशे ग्रॅम ओवा एका बैठकीत कोणी खाणार नाही. परंतु बाटलीतील एक चमचा तेल औषध समजून घेणारा मनुष्य तेच करीत असतो.

यावरून पहिला नियम निघतो. पोटात घ्यावयाचे असेल तेव्हा मूळ वस्तूच घ्यावी: ओवा, पुदिन्याची पाने, गवती चहाची पात, एखादी लवंग. आपल्या पूर्वजांनी ही मापे पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाने ठरविलेली आहेत. तेलाच्या रूपाने पोटात घेणे हे वैद्याच्या सल्ल्याशिवाय करू नये. पुदिन्याच्या तेलाच्या विशिष्ट आवरणाच्या गोळ्या आतड्याच्या काही तक्रारींवर डॉक्टर देतात हे खरे. तथापि तेथेही मात्रा ठरलेली असते, आणि ती बाटली तोंडाला लावून मिळत नाही.

दुसरा नियम त्वचेचा. सुगंधी तेल नुसते अंगाला लावू नये, ते स्थिर तेलात मिसळून लावावे. १०० मिलिलिटर खोबरेल वा तिळेल घेतल्यास त्यात १ मिलिलिटर, म्हणजे सुमारे २० थेंब, सुगंधी तेल घालावे. हे शेकडा १ प्रमाण झाले. मोठ्या माणसाच्या दुखऱ्या सांध्यासाठी शेकडा २ पर्यंत जाता येते. प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून एक दिवस वाट पाहावी. लाली वा खाज आली तर ते तेल त्या व्यक्तीस मानवत नाही असे समजावे.

नित्योपयोगाची काही तेले

*निलगिरी.* हे झाड मूळचे ऑस्ट्रेलियातील. उटकमंडच्या परिसरात १८४३ पासून त्याची लागवड होऊ लागली, आणि त्या पर्वताचेच नाव आपण तेलास दिले. पडशात गरम पाण्यात दोन-तीन थेंब टाकून वाफ घेतल्यास मोकळे वाटते. घरातील मुलांस मात्र उकळत्या पाण्याच्या भांड्यापुढे बसवू नये. भांडे कलंडून भाजण्याचे अपघात थोडेथोडके होत नाहीत.

*पुदिना.* पुदिन्याच्या तेलातील मेंथॉल, ज्यास बाजारात पुदिन्याचे फूल म्हणतात, ते त्वचेतील थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतविते. त्यामुळे नाक उघडल्याचा भास होतो, वास्तविक नाकाची वाट पूर्वीइतकीच अरुंद असते. आराम खरा आहे, परंतु तो आराम आहे, इलाज नव्हे. डोके दुखत असता कपाळास पातळ केलेले पुदिन्याचे तेल लावल्याने पुष्कळांस बरे वाटते. डोळ्यांपासून ते दूर ठेवावे. उत्तर प्रदेशातील बाराबंकीच्या आसपास या पिकाचा मोठा पसारा आहे आणि मेंथा तेलाचे वायदेही होत आले आहेत, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक असेल.

*लवंग.* दाढ दुखत असता कापसाच्या बोळ्यावर लवंगेच्या तेलाचा एक थेंब घेऊन दाढेवर धरल्यास वेदना बधिर होते. यातील युजेनॉल हे द्रव्य दंतवैद्यही झिंक ऑक्साईडबरोबर कालवून दाढेत भरतात. वारंवार लावल्यास हिरडी भाजते. आणि वेदना थांबली म्हणजे कीड थांबली असे होत नाही. दंतवैद्याकडे जाईपर्यंतचा हा उपाय समजावा.

*ओवा.* ओव्याच्या तेलातील थायमॉल, म्हणजे ओव्याचे फूल, जंतुनाशक आहे. १९१४ पूर्वी हिंदुस्थानातील ओवा जर्मनीस जाई आणि तेथे त्यापासून थायमॉल तयार होऊन जगभर विकले जाई. महायुद्ध सुरू होताच तो मार्ग बंद पडला. कच्चा माल आपला आणि नफा परक्याचा, याचे हे एक उदाहरण होय. ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल आणि कापूर हे तीन घन पदार्थ समभाग एका बाटलीत घातले असता थोड्याच वेळात आपोआप त्यांचे पाणी होते. लाहोरच्या पंडित ठाकूरदत्त शर्मा यांनी 'अमृतधारा' या नावाने प्रसिद्ध केलेले औषध या तिघांच्याच मिश्रणासाठी ओळखले जाते. ही गंमत मुलांना मोठी वाटते. तथापि मिश्रण प्रखर आहे, आणि ते मुलांच्या हाती देण्याचे नव्हे.

*गवती चहा व सिट्रोनेला.* ही दोन्ही रोशाचीच भावंडे. डास दूर ठेवण्यास सिट्रोनेला उपयोगी पडते, परंतु त्याचा अंमल एक-दोन तासांपलीकडे क्वचितच टिकतो. सुरतेच्या पावसाळ्यात त्यावर विसंबून मच्छरदाणी काढून ठेवू नये.

*लव्हेंडर.* जम्मूकडील भद्रवाह भागात शेतकरी आता याची लागवड करतात. निजताना उशीच्या अभ्र्यावर एखादा थेंब टाकल्याने मन शांत होते असा पुष्कळांचा अनुभव आहे. दिवसभराच्या भावांच्या चढउताराने शिणलेल्या व्यापारीबंधूंनी करून पाहण्यास हरकत नाही.

जेथे फार जपावयास हवे

आमच्या परिचयातील एका घरी दोन वर्षांच्या बालकास खोकला झाला होता. खोकल्याचे औषध आणि निलगिरीचे तेल यांच्या बाटल्या सारख्याच आकाराच्या, एकाच फळीवर होत्या. रात्रीच्या मंद उजेडात आजीने चमचाभर तेल पाजले. थोड्याच वेळात मूल ग्लानीत गेले व त्यास झटके येऊ लागले. वेळेवर इस्पितळात नेल्यामुळे ते वाचले. आजीची माया कमी नव्हती. बाटलीवरची चिठ्ठी मात्र पुसट, इंग्रजीत आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत होती.

असे प्रसंग विरळा नाहीत. निलगिरी व कापूर यांच्यामुळे झटके आल्याची उदाहरणे बंगळूर येथील मज्जाविकारतज्ज्ञांनीही नोंदविलेली आहेत. ज्यांना अपस्माराचा विकार आहे त्यांनी या दोन वस्तूंपासून दूर राहावे हे उत्तम. आरतीचा कापूर आज बहुतांशी टर्पेंटाइनपासून कारखान्यात तयार होतो आणि तो खाण्याचा नव्हे. लहान मुलास त्याची वडी खडीसाखरेसारखी दिसते, आणि एक ग्रॅम इतका कापूरही बालकाच्या जिवावर बेतू शकतो. दोन वर्षांच्या आतील मुलांच्या छातीस वा नाकाशी कापूर, मेंथॉल, निलगिरी यांपैकी काहीही लावू नये.

गंधपुऱ्याचे तेल गुडघेदुखीवर सर्रास चोळतात. हल्ली बाजारात त्या नावाने मिळणारे तेल बहुधा कृत्रिम मेथिल सॅलिसिलेट असते. ते चमचाभर पोटात गेल्यास ॲस्पिरिनच्या वीसाहून अधिक गोळ्या एकदम घेतल्यासारखे होते. रक्त पातळ करण्याची औषधे चालू असलेल्या वृद्धांनी ते चोळण्यापूर्वीही डॉक्टरांस विचारावे. गर्भवती भगिनींनी कोणतेही सुगंधी तेल सल्ल्यावाचून वापरू नये.

कोणी चुकून तेल प्याल्यास उलटी काढविण्याच्या नादी लागू नये. उलटीवाटे तेल फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. बाटली बरोबर घेऊन तत्काळ इस्पितळ गाठावे.

सुगंध आणि साथीचे रोग

दुर्गंधीने रोग पसरतो व सुगंधाने तो पळतो, अशी समजूत जगात फार काळ नांदली. सतराव्या शतकात युरोपातील प्लेगचे वैद्य चोचीसारखा मुखवटा घालून त्यात सुवासिक वनस्पती भरीत असत. त्यांच्या मागे हसण्याचे कारण नाही. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी पसरली तेव्हा लक्षावधी माणसे शहर सोडून गेली, आणि मागे राहिलेल्यांत रुमालावर निलगिरीचे थेंब टाकून नाकाशी धरणारे आम्ही पुष्कळ पाहिले. सुरतेस त्या संकटातून टेट्रासायक्लिनसारख्या औषधांनी तारले, आणि पुढे १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत झालेल्या सफाईने शहराचे रूप पालटले. उंदीर, कचरा आणि गटारे यांचा बंदोबस्त ही खरी लस ठरली. गोदामवाल्या धान्यव्यापाऱ्यांनी तर हा धडा विसरता कामा नये.

तरीही २०२१ च्या दुसऱ्या लाटेत कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरी यांची पुरचुंडी हुंगल्याने रक्तातील प्राणवायू वाढतो, असा मजकूर भ्रमणध्वनीवरून घरोघर पोहोचला. त्यास काही आधार नव्हता. पुरचुंडी हुंगल्याने थोडे मोकळे वाटते आणि तेवढ्यावर विसंबून रुग्ण घरी राहतो, हाच त्यातला धोका. धाप लागली, ताप उतरेना, छातीत दुखू लागले, तर बाटलीकडे न पाहता डॉक्टरांकडे जावे.

पारख व साठवण

कागदावर थेंब टाकून डाग राहतो का हे पाहण्याचा प्रयोग वर दिलाच आहे. स्थिर तेलाची भेसळ त्याने बहुधा उघड होते. चंदनासारखी जड तेले मात्र सावकाश उडतात, त्यांना अधिक अवधी द्यावा. टर्पेंटाइन वा कृत्रिम द्रव्य मिसळलेले असल्यास कागद काही सांगू शकत नाही. ते प्रयोगशाळेतच कळते. सबब घाऊक माल घेणाऱ्यांनी वानगीच्या वासावर न जाता तपासणीचा दाखला मागावा. बाटली गडद काचेची, घट्ट बुचाची असावी, आणि ती थंड व अंधाऱ्या जागी ठेवावी. जुने झालेले तेल हवेने बिघडते आणि त्वचेस अधिक झोंबते. ज्योतीजवळ ते उघडू नये, कारण ते पेट घेते. आणि एक आमच्या धंद्यातली गोष्ट: तांदूळ शेजारचा वास चटकन ओढून घेतो. म्हणून या बाटल्या धान्याच्या कोठीत कधीही ठेवू नयेत.

समारोप

सुगंधी तेले टाकाऊ आहेत असे आम्हास मुळीच सुचवावयाचे नाही. दाढदुखीची रात्र, पडशाने जड झालेले डोके, वृद्धांचे आखडलेले गुडघे, न लागणारी झोप, अशा लहानसहान त्रासांत ती खरोखर दिलासा देतात. दिलाशाचे काम त्यांच्याकडून थेंबाने घ्यावे आणि इलाजाचे काम वैद्याकडे सोपवावे, एवढेच आमचे म्हणणे.

शेवटी आपल्या मंडळाच्या सभासदांपुढे एक सूचना ठेवतो. जे बंधू ही तेले विकतात त्यांनी प्रत्येक बाटलीवर तेलाचे खरे नाव, ते वनस्पतीचे की कृत्रिम हे, आणि 'पिण्यासाठी नाही, मुलांपासून दूर ठेवा' ही सूचना गुजराती, मराठी व हिंदी या तिन्ही भाषांत ठळक अक्षरांत छापावी. चिठ्ठीचा खर्च बाटलीमागे काही पैशांचा येईल. जे बंधू विकत नाहीत त्यांनी आज घरी गेल्यावर औषधांची फळी पाहावी, खोकल्याचे औषध एका कपाटात आणि तेलाच्या बाटल्या कुलपाच्या दुसऱ्या कपाटात ठेवाव्यात, आणि घरातील वडीलधाऱ्यांस दोन्हींतील फरक समजावून सांगावा. वर्षभरात एखाद्या घरचे एक मूल जरी यामुळे वाचले, तरी या स्मरणिकेची ही पाने कारणी लागली असे आम्ही समजू.